बाल्कनीकडची बाजू

थापा मारायला सावेरिओ बोनाफेदे काही नवखा नव्हता. "शुक्रवारी गाडी नक्की मिळेल," हे वाक्य तो तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता, आणि काल्तारोसा गावात एकाही माणसाला शुक्रवारी गाडी मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. या वेळी त्याचं चुकलं ते एवढंच, की त्याने एकाच घरात दोन थापा मारल्या. आणि रविवारी दुपारी त्या दोन्ही थापा एकाच टेबलाशी समोरासमोर जेवायला बसल्या.

पहिली थाप बापाला मारलेली. "बाबा, गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप तेवढे बदलतोय. मडगार्डला बोट लावणार नाही."

दुसरी लेकीला. "आजोबा हो म्हणालेत गं. बिनधास्त काप."

कापायचं कारण असं, की ओर्सोलाने चढणीच्या शर्यतीसाठी पालेर्मोहून रुंद चाकं आणली होती. पाच इंची रिमच्या जागी सात इंची. बसवून पाहिली तर टायर मडगार्डच्या बाहेर दोन बोटं डोकावत होते, आणि तपासणीत वरून बघताना टायर दिसला की गाडी बाद. म्हणजे एक तर चाकं परत करायची, नाहीतर मडगार्डं रुंद करायची. आणि ती मडगार्डं गास्पारे बोनाफेदेने अडुसष्ट साली हाताने ठोकून बनवलेली. त्या लाल, दोन दारांच्या कुपेचं इंजिन दोनदा उतरलं, रंग तीनदा झाला, पण मडगार्डवर कुणाची हातोडी पडू दिली नव्हती म्हाताऱ्याने. घरी पाहुणा आला की आधी त्याला मडगार्डं दाखवायचा, मग कॉफी विचारायचा.

मग सावेरिओने काय करावं? खुब्याच्या ऑपरेशनपासून म्हातारा दिवसभर वरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेला असे, आणि तिथून अंगणातल्या गाडीची फक्त उजवी बाजू दिसे. सावेरिओने गुपचूप डावी बाजू करायला घेतली. पुढचं-मागचं दोन्ही मडगार्डं कापली, मध्ये पत्रा जोडून फुगवली, खळगे बुजवायला शिसं भरलं, घासलं, रंगवलं. डावीकडे सात इंची चाकं, उजवीकडे पाच इंची. "उजवीकडचा पत्रा यायचाय अजून," असं लेकीला सांगून ठेवलं. ही तिसरी थाप, पण लहान होती म्हणून तो ती धरत नसे. तीन आठवडे गाडी अंगणात उभी होती, एका अंगाने सालस आणि दुसऱ्या अंगाने पैलवान.

खरी धास्ती वेगळीच होती. तोरिनोहून ओर्सोलाला पत्र आलं होतं. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात पत्राकामाची नोकरी, पगार इथल्या दुप्पट. ती बापाला म्हणाली होती, "ही गाडी घेऊन मी शर्यतीत उतरले तर राहते. नाहीतर इथे जन्मभर लोकांच्या दारांचे पोचे काढत बसायचं का?" शर्यत पुढच्या रविवारी. फॉर्म आज संध्याकाळी सहापर्यंत चौकातल्या कॅफेत सेक्रेटरीकडे द्यायचा. त्यावर मालकाची सही लागणार, आणि मालक अजूनही गास्पारेच. पोरगी गेली तर गॅरेजचं शटर ओढून घ्यावं लागेल एवढं सावेरिओला पक्कं ठाऊक होतं. आणि गॅरेज गेलं तर चालेल, पण सकाळी सात वाजता "पापा, माझी हातोडी कुणी घेतली?" ही हाक ऐकू आली नाही तर आपण काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

"खा की," पिना नवऱ्याला म्हणाली. ओव्हनमधल्या मकरोनीचा तिसरा डाव तिने त्याच्या ताटात घातला. "एरवी चार वेळा मागतोस. आज काय पोटात दुखतंय?"

"उकडतंय," सावेरिओ म्हणाला.

"आजोबा," ओर्सोला म्हणाली, "सहीचं लक्षात आहे ना? आणि थँक्यू हं. मला वाटलं नव्हतं तुम्ही इतक्या सहज—"

"वाइन!" सावेरिओ ओरडला. "बाबांचा ग्लास रिकामा आहे! लक्ष कुठंय तुमचं?"

ग्लास काठोकाठ भरलेला होता. सावेरिओची थोरली बहीण अस्सुंता हिने ग्लासाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि वांग्याचा तुकडा शांतपणे तोंडात टाकला. तिला सगळं माहीत होतं. अंगणापलीकडच्या खोलीत राहणाऱ्या या विधवा बाईला माहीत नाही असं काही त्या घरात घडत नसे.

"मी काय म्हणते बाबा," ती म्हणाली, "सही करायच्या आधी गाडी बघून घ्या एकदा. कागदावर काय, कशावरही सही घेतात हल्ली."

"ताई!"

"मी आपलं सांगितलं."

"अगदी बरोबर बोलल्या ताई," पिना म्हणाली. एरवी या दोघी नणंद-भावजया मीठ किती घालावं यावरसुद्धा एकमत होऊ देत नसत. पण पिनाला पोरगी तोरिनोला जायला हवी होती. तिथे पगार, रविवारची सुट्टी, आणि नखांखाली ग्रीस नसलेला जावई, असं सगळं चित्र तिने मनात रंगवून ठेवलेलं. म्हाताऱ्याने गाडी पाहिली की सही राहणार, सही राहिली की पोरगी जाणार. "खाली जाऊन या ना बाबा. मी काठी आणते."

गास्पारेने तोंड पुसलं. "स्प्रिंगाच बदलल्यात ना?" त्याने मुलाला विचारलं.

"स्प्रिंगा. आणि शॉकअप."

"मग वजनाला बसायला हवं. बसल्याशिवाय मी सही करीत नसतो."

ही त्या गॅरेजची जुनी रीत. स्प्रिंगांचं काम झालं की बाकीचे लोक मागच्या सीटवर वाळूची पोती टाकतात. बोनाफेदेंच्या गॅरेजात घरची माणसं बसवत. चर्चसमोर रस्त्याला आडवा दगडी नाला आहे, त्यावरून गाडी न्यायची आणि चाक कुठे घासतंय ते ऐकायचं. म्हातारा म्हणे, पोती बोलत नाहीत, नातेवाईक बोलतात. प्रत्येकाची जागा ठरलेली. ड्रायव्हर डावीकडे, त्याच्या मागे अस्सुंता, कारण ती ब्याण्णव किलोची, आणि त्यात कधी घट नाही, त्यामुळे हिशेब पक्का.

"आजच कशाला, तुमचा खुबा..." सावेरिओ म्हणाला.

"खुब्यावर बसणार नाहीये मी. चल."

तीन महिन्यांनी म्हातारा जिना उतरला. एका हातात काठी, दुसरा हात सावेरिओच्या दंडावर. सावेरिओ त्याला असा उजवीउजवीकडून नेत होता की जणू डावीकडे विहीर आहे. "इकडून बाबा, इकडून. तिकडे तेल सांडलंय. तुमचं दार हेच. हां, वाका."

"केवढी खाली घेतलीस रे! खड्ड्यात बसवतोयस का मला?"

"चार सेंटिमीटर, आजोबा," ओर्सोला स्टिअरिंगमागची सीट वाकवत म्हणाली. "वळणावर जमिनीला चिकटून जाते."

सावेरिओ आधी तिच्या बाजूने आत शिरून बापाच्या मागे सरकला. मग अस्सुंता मागे डावीकडे बसली, तशी गाडी एक सुस्कारा टाकून त्या अंगाला कलली. सावेरिओने मनातल्या मनात सगळ्या संतांना एकेक मेणबत्ती कबूल केली. ओर्सोलाने गाडी फाटकातून बाहेर काढली. तीन आठवड्यांत प्रथमच तिची डावी बाजू जगाला दिसली. आणि डाव्याच फुटपाथवर, बंद दुकानासमोर खुर्ची टाकून, गावाचा न्हावी रोसारिओ बसलेला होता.

"अरे बापरे!" रोसारिओ ओरडला. "सावेरिओ, गाडीला गालगुंड झालंय का रे?"

"काय म्हणतोय तो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नमस्कार म्हणतोय."

"गालगुंड म्हणाला."

"त्याच्या पोराला झालंय. बिचारं."

"रोसारिओला पोर नाहीये," मागून अस्सुंता म्हणाली.

"ताई, तू वजनाला आहेस ना? मग वजन दे. बोलू नकोस."

"बाबांनीच सांगितलंय, नातेवाईक बोलतात म्हणून."

ओर्सोलाने आरशातून बापाकडे पाहिलं. तिच्या भुवया जवळ आल्या. सावेरिओने नजर खिडकीबाहेर नेली. तेवढ्यात चर्च आलं, नाला आला, पुढची चाकं छान उतरली, छान चढली. मागची उतरली आणि—

खर्रर्र!

"मी काही नाही केलं!" अस्सुंता किंचाळली.

"मागचं डावं," म्हातारा समोर बघत शांतपणे म्हणाला. "आतली कड नीट मुडपलेली नाही. टायर घासतोय. थांबव."

गाडी चर्चच्या पायऱ्यांसमोर थांबली.

"पाच इंची टायर कडेला लागत नाही," म्हातारा म्हणाला. "उतरतो मी."

त्याने दार उघडलं, काठी टेकली आणि सावकाश मागून वळसा घालून निघाला. सावेरिओला पळून जायचं होतं. पण दोन दारांच्या गाडीत मागच्या माणसाला पुढची सीट वाकवल्याशिवाय उतरता येत नाही, आणि सीटचा खटका हाताला लागेना. तो तिथेच अडकून राहिला, शेजारी ब्याण्णव किलो सत्य घेऊन.

"पापा," ओर्सोला वळून म्हणाली, "आजोबा हो म्हणाले होते ना?"

"म्हणजे तसं... नाही म्हणाले नव्हते."

"विचारलं होतंस का?"

"विचारणारच होतो."

"तीन आठवडे मी त्यांना रोज वर कॉफी नेऊन देतेय! रोज विचारतेय, आवाजाचा त्रास होत नाही ना!" तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली, हॉर्न वाजला, चर्चच्या पायरीवरची कबुतरं उडाली. "पत्रा यायचाय म्हणे! तरी म्हटलं, हा कुठला पत्रा जो फक्त उजव्या बाजूचाच येत नाही?"

ती उतरली. तिने आजोबांची सीट वाकवली आणि सावेरिओ धडपडत बाहेर आला. रोसारिओ खुर्ची उचलून घेऊन आला होता. पिनासुद्धा एप्रनवरच पोचली होती, कारण फाटकातून तिला सगळं दिसत होतं आणि हा क्षण ती सोडणार नव्हती.

गास्पारे डाव्या बाजूला उभा होता. त्याने डोळे मिटून मागच्या मडगार्डवर तळहात ठेवला. पत्र्याचं काम डोळ्यांनी बघायचं नसतं, डोळा फसतो. हात चाकाच्या कमानीवरून सावकाश फिरला, जोडाच्या जागी थांबला, परत मागे गेला, मग दारावरून पुढच्या मडगार्डवर आला. सावेरिओ चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण त्या हाताकडे बघताना तो आजही शाळकरी पोर व्हायचा.

"कापलंस तू," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "ठोकलंय पोरीने."

"तुम्हाला कसं..."

"खुबा गेलाय माझा. कान नाही गेले. पहिले दोन दिवस तू ठोकत होतास. तुझा हात जड, दर खेपेला दोन ठोके जास्ती. तिसऱ्या दिवसापासून ती. हलका हात आहे तिचा." त्याने डोळे उघडले आणि नातीकडे पाहिलं. "कड मुडपायला घाई केलीस. बाकी चांगलं आहे."

ओर्सोला लाल झाली. तिच्या आजोबांनी 'चांगलं आहे' म्हटल्याचं तिने आजवर फक्त एका टरबुजाच्या बाबतीत ऐकलं होतं.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला?" सावेरिओचा आवाज चिरकला. "आणि तीन आठवडे मला झोप नाही! बोलला का नाहीत?"

"डावी बाजू माझी आहे. माझं काम. तीस वर्षं झाली, कापलं तर कापलं. लोखंडच आहे ते, बायबल नाही. मी बघत बसलो होतो, उजव्या बाजूला कधी हात घालतोस ते."

"का? उजवी कुणाची आहे?"

"मागचं माझंच. पुढचं माझं नाही."

"मग?"

"तुझं," म्हातारा म्हणाला. "चौदा वर्षांचा होतास."

सावेरिओला आधी काही कळलंच नाही. मग तो उन्हाळा आठवला. अकरा दिवस खपून त्याने एक मडगार्ड ठोकलं होतं, हाताची सालटी निघाली होती. बापाने त्यावरून एकदा हात फिरवला, "ठेव तिकडे" म्हणाला आणि जेवायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मडगार्ड जागेवर नव्हतं. भंगारात गेलं असं समजून तो याच चर्चच्या मागे बसून रडला होता. पुढच्या आठवड्यात गाडीवर रंगवलेलं मडगार्ड दिसलं, ते अर्थात बापाचंच असणार, असं त्याने धरलं. त्या दिवसापासून कुठल्याही गोष्टीला पटकन हो किंवा नाही म्हणायची त्याची हिंमतच झाली नव्हती. लग्नालासुद्धा पिनालाच विचारावं लागलं होतं.

"खोटं बोलताय," तो म्हणाला.

"ते काम तुझं. दिव्याच्या मागे हात लाव. मसुराच्या दाण्याएवढी खळगी आहे."

सावेरिओ उजवीकडे गेला. डोळे मिटले. तळहात दिव्याच्या मागे ठेवला. होती. इतकी बारीक की तीस वर्षं त्याने स्वतः ती गाडी पुसली, पण कधी जाणवली नव्हती, कारण कधी शोधलीच नव्हती.

"शिसं भरलं असतं तर गेली असती," म्हातारा म्हणाला. "नाही भरलं मी."

"मला सांगितलं का नाही?"

"शेफारला असतास."

"तीस वर्षं?"

म्हातारा काठीच्या मुठीशी चाळा करू लागला. "आधी म्हटलं, शेफारेल. मग म्हटलं, मोठा झाला की सांगू. मग इतकी वर्षं गेली की आता कोणत्या तोंडाने सांगायचं तेच कळेना. म्हणून बाल्कनीत बसायचो. तिथून दिसतं ते."

अस्सुंता एव्हाना गाडीतून निम्मी बाहेर आली होती आणि तशीच रडत होती. "आणि मी म्हणायची, उन्हाला बसतात म्हणून!"

"आता बोल," म्हातारा मुलाला म्हणाला. "फॉर्म आहे माझ्या खिशात. सहाला बंद होतं त्यांचं. एका बाजूने रुंद गाडी कुणी शर्यतीत घेत नाही. माझ्या कामाचं मी सांगितलं. हे तुझं आहे. कापायचं की नाही?"

"नको," ओर्सोला पटकन म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "पापा, राहू दे. मी नाही हातोडी लावणार याला. पुढच्या वर्षी बघू."

"मुळीच कापू नका!" अस्सुंताही म्हणाली. "काच बसवा वरून हवं तर!"

सावेरिओने बायकोकडे पाहिलं. नको म्हणायला तिला तर कारणच कारण होतं. पोरगी शर्यतीत उतरणार नव्हती, तोरिनो पक्कं होत होतं, पिनाने नुसतं गप्प बसायचं होतं. पण पिना पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या छातीवर बोट ठेवलं.

"या दोघींकडे बघू नकोस. माझ्याकडेही बघू नकोस. बावीस वर्षं तुझ्याशी संसार केला, एकदा तुझ्या तोंडून सरळ उत्तर ऐकलं नाही मी. मासा खाणार का विचारलं तर म्हणतोस, बघू. आज बोल. काय वाट्टेल ते बोल, पण बोल!"

सावेरिओचा हात अजून त्या खळगीवर होता. चर्चच्या घड्याळात साडेतीनचा टोला पडला.

"कापायचं," तो म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "कापायचं. पण फेकायचं काही नाही. बाहेरची कड जशी आहे तशी धरायची, चार सेंटिमीटर बाहेर काढायची, आणि मध्ये नवा पत्रा. दिव्यामागे कुणी हात लावायचा नाही. शिसं तिथे भरायचं नाही. कापणार मी. ठोकणार ओर्सोला. आणि मागच्या डाव्याची कड आधी मुडपून घे, नाहीतर पहिल्याच वळणावर टायर फाटेल."

एवढं बोलून तो स्वतःच दचकला. त्या चौकात इतकी सलग वाक्यं तो कधी बोलला नव्हता.

गास्पारेने फॉर्म काढला, गाडीच्या टपावर ठेवला आणि सही केली. ओर्सोलाने तो घेतला, आईच्या गालाचा मुका घेतला आणि कॅफेकडे निघाली.

"आणि तोरिनोला काय कळवणार आहेस?" पिनाने मागून विचारलं.

"नाही म्हणून कळवते. इथलं काम अर्धं राहिलंय!"

"देवा रे," पिना म्हणाली, आणि एप्रनने नाक पुसलं. "आता जावई मिळाला तर न्हाव्याकडूनच मिळायचा."

"मला पोरच नाहीये की," रोसारिओ म्हणाला.

पाच वाजता अंगणात जाजम टाकलं गेलं, चाक निघालं, पत्र्यावर खडूची रेघ ओढली गेली. रेघ सावेरिओने ओढली, एकदाच. ओर्सोला कड धरून बसली. म्हातारा वर गेलाच नाही, त्याने खुर्ची खाली आणवली. रोसारिओ आपली खुर्ची घेऊन आलेलाच होता.

सावेरिओने कात्री लावली. पहिला इंचभर पत्रा कापला गेला.

"गास्पारे," न्हावी म्हणाला, "कापू देतोयस खरंच? तुझं सगळ्यात चांगलं काम!"

"माझं कुठलं?" म्हातारा म्हणाला. तो हे न्हाव्याशीच बोलत होता, मुलाकडे त्याने बघितलंही नाही, पण आवाज मात्र अंगणभर जाईल एवढा चढवला होता. "माझ्या पोराचं आहे ते. चौदाव्या वर्षी केलंय. मला त्या वयात जमलं नसतं."

कात्री थांबली. सावेरिओला पुढची रेघ दिसेना, डोळे भरून आले होते. त्याने मनगटाने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. ओर्सोला त्याच्या हातातली कात्री घ्यायला पुढे झाली नाही. दोन्ही हातांनी कड धरून, बापाला दिसायला लागेपर्यंत ती थांबली.